रथ रामनवमीला निघत नाही : काळाराम सत्याग्रह आणि आपल्या घरातला इतिहास

आमच्या घरात एक न बोललेला नियम होता. पंचवटीत भाजीला जायचे, रामकुंडाच्या कडेच्या दुकानांतून तांब्या-पितळेची भांडी घ्यायची, गावाकडचे पाहुणे आले की त्यांना गोदाघाट हिंडवून आणायचा. काळाराम मंदिरात मात्र जायचे नाही. पूर्व दरवाज्यासमोरचा रस्ता आला की आजी आमचे मनगट धरून झपाझप पाय उचलायची. एकदा शेजारची पोरे मंदिर पाहून आली आणि आम्ही घरी येऊन विचारले, आपण का जात नाही? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं माझ्या बयचं डोकं फुटलंय."

बय म्हणजे आजीची आई, आमची पणजी. आम्ही तिला पाहिलेले नाही.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, १४ एप्रिलची मिरवणूक होती, विहारातली वंदना होती. पण इतिहास म्हणून आम्हाला सगळ्यात आधी कळले ते हे एक वाक्य. पुढे समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्ही ते लघुप्रबंधात घातले. मार्गदर्शकांनी लाल पेनाने रेघ मारली आणि समासात लिहिले, 'ही आठवण आहे, पुरावा नव्हे.' आम्ही निमूटपणे दोन पाने काढून टाकली. गुण चांगले मिळाले. आज हे लिहितो आहोत ते त्या दोन पानांसाठी.

मार्गदर्शकांचे म्हणणे अगदीच चूक होते असे आम्ही म्हणत नाही. आठवण चुकते, फुगते, सोयीचे तेवढे ठेवते. पण मग प्रश्न असा की ज्याला तुम्ही पुरावा म्हणता तो ठेवण्याचे काम कोणाच्या हातात होते?

२ मार्च १९३० चा दिवस घ्या. त्या दिवशी गांधीजींनी साबरमतीहून व्हाईसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून मिठाच्या सत्याग्रहाची पूर्वसूचना दिली. ते पत्र आणि दहा दिवसांनी निघालेली दांडीयात्रा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. त्याच दिवशी, रविवार होता, नाशकात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सकाळी परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही मिरवणूक सुमारे मैलभर लांब होती आणि तीत सुमारे ५०० स्त्रिया होत्या अशी नोंद आहे. मंदिराचे दरवाजे लावलेले होते. लोक तिथून घाटावर गेले, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या दरवाज्यांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. त्या तुकड्यांत बायाही होत्या. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड. वय २७. तेच पुढचे कर्मवीर दादासाहेब.

आता हे पाहा. बाबासाहेबांचे पाक्षिक 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले होते. 'जनता'चा पहिला अंक निघाला २४ नोव्हेंबर १९३० ला. म्हणजे काळारामाचा सत्याग्रह ज्या महिन्यांत पेटला, नेमक्या त्या महिन्यांत आपल्या हातात आपले पत्र नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे तसे नव्हते. तिथे बाबासाहेबांनी स्वतः अग्रलेखांतून बाजू मांडली आणि ते अग्रलेख आज आपण वाचू शकतो. नाशिकच्या पहिल्या आठ महिन्यांसाठी आपल्याला पाहावे लागते ते पोलिसांचे अहवाल, कलेक्टरचा पत्रव्यवहार, मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रे आणि सवर्णांची मराठी पत्रे. पोलिसाच्या कागदात माणूस कधी येतो? अटक झाली तर. दंगा झाला तर. कमरेवर पोर घेऊन दरवाज्यासमोर बसलेली आणि संध्याकाळी परत गेलेली बाई त्या कागदात येत नाही. ती येते आकड्यात.

मग ती राहिली कुठे? घरात राहिली. जात्यावर राहिली, जलशात राहिली. नाशिक जिल्ह्यातल्याच भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला, तो वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्यांसाठीच होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक पुढे तेच काम गाण्यातून करत राहिले. आपल्या लोकांनी इतिहास लिहिला नाही असे जे म्हणतात त्यांना आम्ही सांगू इच्छितो, लिहिता येऊ नये याची पिढ्यान्‌पिढ्या व्यवस्था केलेल्या लोकांनी तो तोंडाने जपला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले तेव्हा त्या घरोघर जाऊन बायांशी बोलल्या होत्या. तसे केले नसते तर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया आजही 'सुमारे ५००' एवढ्याच राहिल्या असत्या.

पण आपलीही आठवण तपासून घेतली पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान काळाराम मंदिरात आले. त्या आठवड्यात वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवर सत्याग्रहाच्या पोस्टचा पाऊस पडला. हे पाहून बरे वाटले. वाचून मात्र कपाळाला हात लावायची वेळ आली. एकात सत्याग्रह महाडच्या आधी, एकात मंदिर नागपूरला. एका पोस्टमध्ये तर आपल्या लोकांनी दरवाजा फोडून गाभाऱ्यात प्रवेश केला आणि बाबासाहेबांनी विजयाची घोषणा केली!

ही शेवटची कथा आम्हाला नवी नव्हती. आमच्या वडिलांचे एक मामेभाऊ आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते पणजीचे सख्खे नातू. त्यांची गोष्ट आजीच्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे. ते सांगतात, "आमची बय आत गेली होती. दार उघडलं, हिनं आत पाऊल टाकलं, मग भटांनी दगड मारला." आजी सांगायची की दार कधी उघडलेच नाही आणि डोके फुटले ते रथाच्या दिवशी, रस्त्यात. घर एकच, पणजी एकच, गोष्टी दोन. सणावारी दोघे समोरासमोर आले की यावरून वाद व्हायचा आणि शेवटी चहा होऊन मिटायचा.

आम्ही दोन्ही गोष्टी कागदाशी लावून पाहिल्या. काकांची गोष्ट टिकत नाही. मंदिर सत्याग्रहींसाठी उघडले नाही. ते उघडले पुढे कायद्याने, १९४७ च्या मुंबई प्रांताच्या मंदिर प्रवेश कायद्यानंतर. आजीची गोष्ट मात्र टिकते. आणि नुसती टिकत नाही, ती छापील मजकुरातली एक ढिलाई दाखवून देते.

आमच्याकडे आजीचे चाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग आहे, २०१६ सालचे, साध्या मोबाईलवर केलेले. त्यात ती म्हणते, "रथाचा दिस हुता. दोन रथ. एकादस हुती म्हनून बाजारात खायाला काय गावलं नाही, बयनं सकाळपासून पोटात काय घातलं नव्हतं, भाकरी फडक्यात तशीच राह्यली." एकादशी! आम्ही इथे अडलो. कारण बहुतेक लेखांत, भाषणांत, फलकांवर त्या दिवसाला रामनवमी म्हटलेले असते : ९ एप्रिल १९३०, रामनवमी, रथाची मिरवणूक, तडजोड मोडली, दगडफेक. आजी एकादशी म्हणते म्हणजे तिचे चुकले, असे आम्ही त्या वेळी वहीत लिहून टाकले.

चुकले होते आमचे. नाशिकमध्ये राहूनही आम्ही हे लक्षात घेतले नव्हते की काळारामाचा रथ रामनवमीला निघतच नाही. तो चैत्र शुद्ध एकादशीला निघतो, कामदा एकादशीला. रामरथ आणि गरुडरथ, असे दोन. मग तारीख पडताळली. १९३० साली १३ एप्रिलला चैत्री पौर्णिमा होती. त्या दिवशी खंडग्रास चंद्रग्रहणही होते. तिथून बोटांवर मागे मोजा. ९ एप्रिलला एकादशी येते. रामनवमी त्याच्या दोन दिवस आधी होऊन गेलेली. म्हणजे छापलेली तारीख बरोबर, त्या तारखेला चिकटवलेला सण चुकीचा, आणि दुसरीही धड न शिकलेल्या आमच्या आजीचे, तिने आईकडून ऐकलेले, रथाबद्दल आणि भाकरीबद्दलचे वाक्य तंतोतंत बरोबर.

दोन दिवसांचा फरक, त्याने काय मोठे बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते असे की त्या दिवशी काय झाले ते या फरकाशिवाय समजत नाही. देवळाचे दार बंद ठेवता येते. रथ मात्र सार्वजनिक रस्त्यावरून जातो. वाटाघाटी होऊन ठरले होते की स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनीही रथ ओढायचा. प्रत्यक्षात ठरलेले मोडून सवर्णांनी रथ परस्पर पुढे नेला आणि आपल्या लोकांवर दगड पडले. म्हणजे लढा त्या दिवशी गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या दर्शनाचा नव्हता, गावाच्या रस्त्यावर आणि दोराला हात लावण्याच्या हक्कावर होता. 'रामनवमी' म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात देऊळ आणि दर्शन येते. 'रथाची एकादशी' म्हटले की रस्ता येतो. आजीला हे कोणी शिकवले नव्हते. तिच्या बयचे डोके रस्त्यात फुटले होते, एवढे तिला माहीत होते.

बाबासाहेबांनी स्वतः हे पुढे स्पष्ट केले. मार्च १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी सांगितले की दलितांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा मंदिर प्रवेशाने ते समान होतील म्हणून हा लढा सुरू केला नव्हता. लोकांत चेतना यावी, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग होता, ते काम झाले, आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी. आपल्या तरुणांनी हे पत्र मुळातून वाचले पाहिजे. ते वाचले की काकांच्या गोष्टीची गरज उरत नाही. काकांना पणजी आत जायला हवी होती, कारण डोके फुटूनही दार उघडले नाही हे त्यांना हार वाटते. त्यांचा राग आम्हाला कळतो. पण त्या बंद दारावरूनच वाट येवल्याला गेली. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दार उघडले असते तर? आम्ही यावर भाकीत करत नाही. पण दार उघडल्याची खोटी गोष्ट सांगणारा माणूस नकळत येवल्याची घोषणाच पुसतो आहे, एवढे त्याच्या लक्षात आणून देतो.

याच ओघात आणखी एक. हा सत्याग्रह पाच वर्षे, अकरा महिने, सात दिवस चालला, असा आकडा आपल्या भाषणांत ठोकून दिला जातो. २ मार्च १९३० पासून मोजा. फेब्रुवारी १९३६ उजाडतो, म्हणजे येवल्याची घोषणा होऊन चार महिने झालेले असतात. आम्ही सुमारे पाच वर्षे म्हणतो. समोरचा माणूस आपली एक चूक पकडण्यासाठीच बसलेला असतो, आणि एक चूक सापडली की तो पणजीचे फुटलेले डोकेही खोटे ठरवतो. म्हणून अचूकपणा ही आपल्यासाठी चळवळीची गरज आहे, विद्वत्तेची हौस नव्हे.

आता कागदाकडे येऊ. आपल्यातला प्रत्येक तरुण आयुष्यात एकदा तरी घरचा इतिहास खोदतो. कधी? जात पडताळणीची फाईल करताना. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग पत्र्याची पेटी निघते. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो, त्यावर 'हिंदू महार'. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', किंवा 'नवबौद्ध'. ज्या शब्दातून आजोबा बाहेर पडले तोच शब्द नातवाला सवलतीसाठी शोधावा लागतो, याचा राग प्रत्येकाला एकदा येऊन जातो. १९९० पर्यंत तर केंद्राच्या लेखी बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीतच धरला जात नव्हता. हे सगळे माहीत असलेली मुलेही फाईल झाली की कागद परत पेटीत ठेवतात. दाखल्याच्या झेरॉक्स निघतात, गोष्टी निघत नाहीत.

आणि त्या फाईलीतली वंशावळ पाहिली आहे का तुम्ही? शपथेवर लिहिलेली : खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार. सगळे पुरुष. आमच्या वंशावळीत आजी नाही, तर तिची आई कुठून येणार? रथाच्या दिवशी नाशिकला चालत आलेली बाई आमच्या सरकारी इतिहासात नाही, कारण ती वडिलांच्या आईची आई. सरकारला दोष देऊन मोकळे होण्याआधी घरातल्या भिंतीकडे पाहू. वर्षावासात विहारात बुद्ध आणि त्यांचा धम्म वाचला जातो, पण घरातली वंशावळ तोंडी सांगायला बसलो की आपणही पुरुषांचीच नावे सांगतो.

याच संदर्भात आम्हाला त्रिरश्मी लेणी आठवतात. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला नाशिकच्या दक्षिणेचा तो डोंगर. शहर बसवर, पाट्यांवर, रिक्षावाल्याच्या तोंडी 'पांडवलेणी'. आजीही जन्मभर 'पांडवलेणं'च म्हणाली. वडील चळवळीत आले तेव्हापासून घरात 'त्रिरश्मी' आले. शिलालेखात डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे आहे. चोवीस लेण्यांतल्या एकाही लेखात पांडवांचे नाव नाही. भिक्खुसंघाचे आहे, पुन्हा पुन्हा आहे. वा. वि. मिराशींच्या सातवाहन आणि क्षत्रपांवरील मराठी ग्रंथात हे लेख अर्थासह आहेत, कोणालाही वाचता येतील.

नावाच्या लढाईबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला इथे दुसरेच दाखवायचे आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत : गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायमची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवर द्यायचे ठरवले. गोवर्धन म्हणजे आजचे गंगापूरजवळचे गोवर्धन गाव. त्याच लेण्यात दुसरे एक नाव आहे, दक्षमित्रा. उषवदाताची बायको. तिने एक खोली दान दिली आणि खोलीवर तिचे नाव आहे. अठराव्या लेण्यात, चैत्यगृहात, भटपालिका नावाच्या बाईचे नाव आहे. चैत्यगृह तिने पुरे करून दिले. त्याच दारावर धंभिक गावाच्या लोकांचे दान कोरले आहे आणि त्यात नाशिकचे नाव आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भदायनीय भिक्खूंना देते.

जाता जाता : याच बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाची स्तुती 'एकबम्हण' अशी आहे आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असेही त्यात आहे. भिक्खूंना लेणे आणि वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी, एकाच दगडावर. सातवाहनांना सरसकट 'आपले' म्हणून मिरवणाऱ्यांनी या ओळीपाशी जरा थांबावे.

पण मूळ मुद्दा बायांच्या नावांचा. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या डोंगरावर बायांची नावे खडकात कोरली गेली. त्या श्रीमंत होत्या, राजघराण्यातल्या आणि अधिकाऱ्यांच्या घरातल्या होत्या, हे खरे. तरीही नावे आहेत. आणि तिथून काही मैलांवर, १९३० साली, चळवळ ऐन भरात असताना, जिने दगड खाल्ला तिचे नाव आम्हाला माहीत नाही.

हो. आम्हाला पणजीचे नाव माहीत नाही.

आजी तिला जन्मभर 'बय' म्हणाली. काकाही 'बय'च म्हणतात. ती गेली तेव्हा ते पोटात होते. आजीचे भाऊ कधीच गेले. २०१६ ला आम्ही मोबाईल समोर ठेवून चाळीस मिनिटे आजीशी बोललो. बाबासाहेब दिसले का, गायकवाड दिसले का, पोलीस किती होते, गावाने बहिष्कार टाकला का, सगळे विचारले. तिने सांगितले की परत गेल्यावर गावात दळण मिळेना, दुकानदार मीठ देईना, वाट बंद केली. सत्याग्रहानंतर नाशिकच्या आसपासच्या गावांत असा छळ झाल्याचे चरित्रकारांनीही नोंदवले आहे. आम्ही सोशॉलॉजीचे विद्यार्थी, प्रश्नावली करून नेली होती. तीत 'तुमच्या आईचे नाव काय' हा प्रश्न नव्हता. मोठ्या माणसांची नावे गोळा करण्याच्या नादात ज्या बाईसाठी बसलो होतो तिचे नाव विचारायचे राहून गेले. आजी २०२१ च्या लाटेत गेली. ऑक्सिजनसाठी धावत होतो तेव्हा हे आठवायचे कारण नव्हते. आठवले ते तेराव्या महिन्यात, रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखीही काही आहे, जे आम्ही लघुप्रबंधात घातले नव्हते कारण लाज वाटली. आजी सांगते की ती लग्न होऊन नाशकात आली, १९५६ ला घरातले देव फडक्यात बांधून गोदावरीत सोडले. पण सासूबाईंनी खंडोबाचा एक टाक पेटीच्या तळाशी ठेवला होता आणि त्या वारल्यावरच तो आजीच्या हाती लागला. तिने काय केले ते ती सांगत नाही, हसते. आणि हेही आहे की सत्याग्रहाला गेलेल्या बयने स्वतःच्या मुलीला दुसरीतून काढून घरी बसवले, धाकट्या भावंडांना सांभाळायला. मुलगे शाळेत गेले. आजीच्या आवाजात याबद्दल तक्रार नाही, पण ती हे दोनदा सांगते. ज्या घराने रथाचा दोर मागितला त्या घराने पाटी-पेन्सिल मुलीच्या हातातून काढून घेतली. आपल्या घरांचा इतिहास सांगायचा तर हेही सांगावे लागेल. नाहीतर आपणही प्रस्थापितांसारखीच चरित्रे लिहू, ज्यांत सगळे आजोबा शूर आणि सगळ्या आज्या त्यागमूर्ती.

मित्रहो, तुमच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. बाबासाहेबांना पाहिले का, हा प्रश्न शेवटी विचारा. पहिल्यांदा तोच विचारला की माणूस भाषण देऊ लागतो. आधी आईचे नाव विचारा, मग आईच्या आईचे. माहेरचे वेगळे आणि सासरी ठेवलेले वेगळे असू शकते, दोन्ही लिहून घ्या. त्या दिवशी काय खाल्ले, कोणत्या रस्त्याने गेले, पाऊस होता का ऊन, कोणता सण जवळ होता, हे विचारा. तारीख कोणाला आठवत नाही, भाकरी आठवते, आणि भाकरीवरून तारीख निघते. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, तिथल्या तिथे निवाडा करू नका. आमच्या विहारात गेल्या वर्षापासून एक जाड वही ठेवली आहे, तिच्या डाव्या पानावर सांगितलेले जसेच्या तसे लिहायचे आणि उजवे पान पडताळणीसाठी कोरे ठेवायचे. उजवी पाने अजून बरीच कोरी आहेत.

आमच्या स्वतःच्या पानावर एक खूण आहे. रेकॉर्डिंगच्या तिसाव्या मिनिटाला आजी सहज बोलून जाते, "बाप वारला, मग हाडोळा बयच्या नावावर झाला." हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यात काही वाटले नव्हते. महारांची वतने मोडावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन सरकारजमा झाली आणि सारापट्टीच्या हिशेबाने रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारांना परत दिली गेली. आजही अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर शर्तीचा शेरा असतो, आणि नाशिकभोवती जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून आपल्या पोरांना हाडोळा हा शब्द कळतो तो दलालाकडून. पण बाप वारल्यावर जमीन बयच्या नावावर झाली असेल तर वारसाची नोंद झाली असणार. फेरफार पडला असणार. फेरफारात विधवेला 'बय' लिहीत नाहीत, तिचे नाव लिहितात.

दिंडोरी तालुक्यातल्या त्या गावची जमीन काकांच्या वडिलांनी कधीच विकली. गट नंबर काकांना आठवत नाही, विहिरीजवळची चिंच आठवते. गेल्या आठवड्यात त्यांना मोटरसायलकलवर मागे बसवून गावाला नेले. चिंच तोडली आहे, द्राक्षाचा बाग आहे. बागेच्या मालकाने बरे वागवले, पाणी दिले, सातबारा दाखवला, त्यावरून जुना सर्व्हे नंबर मिळाला. काका परतीच्या वाटेवर गप्प होते. घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "कागदात सापडलं तर मला आधी सांग. आत गेली का नाही ते राहू दे." जुन्या फेरफारांच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. सोमवारी बोलावले आहे.